इंग्रजीतल्या ‘वुड’च्या पुढे विशेषण लावताना वाक्य कुठे मोडतं

‘इफ यू केम टू सातारा, आय वुड हॅपी.’ हे वाक्य दहावीच्या वहीत सापडतं, नोकरीच्या अर्जात सापडतं आणि तासगावहून बाहेरच्या गिऱ्हाईकाला गेलेल्या मेलमध्येही सापडतं. शब्द ओळखीचे, क्रमही ठीक, फक्त मधला एक शब्द गळालेला. ‘आय वुड बी हॅपी’ हवं होतं.

हा ‘बी’ गळतो त्याचं कारण मराठीत आहे. आपण ‘मला आनंद होईल’ म्हणतो. आनंद हे नाम, होईल हे क्रियापद, विशेषणाचा पत्ताच नाही. शिवाय ‘वुड’ म्हणजे ‘असता, असती, असते’ असं डोक्यात एकदा बसलं की ‘असणं’ त्यातच आलं असं वाटतं. पण ‘वुड’मध्ये असणं नाही, होणं नाही, वाटणंही नाही. पुढची गोष्ट कशावर तरी अवलंबून आहे किंवा कल्पनेतली आहे, एवढंच ते सांगतं. असणं, होणं, वाटणं, दिसणं यातलं नेमकं काय, ते वेगळ्या क्रियापदाने सांगावं लागतं आणि विशेषण त्या क्रियापदाला चिकटतं. ‘वुड’ला विशेषण थेट चिकटत नाही. पुढच्या बहुतेक चुका ही गोष्ट निसटल्यामुळे होतात.

इथली उदाहरणं मोठ्याने वाचा. ‘वुड हॅपी’ डोळ्याला चालून जातं, चार वेळा म्हटल्यावर कानाला खटकायला लागतं.

आधी सांगाडा

कर्ता, मग ‘वुड’, मग क्रियापदाचं मूळ रूप, मग विशेषण. चार घरं, याच क्रमाने.

‘द रोड वुड बी एम्प्टी.’ रस्ता रिकामा असेल.
‘द टी वुड टेस्ट बिटर.’ चहा कडू लागेल.
‘दे वुड गेट टायर्ड.’ ते दमतील.

तिसऱ्या घरात मूळ रूपच येतं. ‘वुड इज’, ‘वुड वॉज’, ‘वुड बीइंग’, ‘वुड टेस्ट्स’ ही सगळी चुकीची रूपं. कर्ता एक असो की दहा, ‘बी’ हे ‘बी’च राहतं. ‘कुड’, ‘माइट’ आणि ‘शुड’ हेही ‘वुड’च्याच घरात बसतात: ‘इट माइट बी लेट’, ‘इट कुड बी डेंजरस’.

‘नॉट’ आणि ‘प्रॉबब्ली’सारखे शब्द ‘वुड’ आणि क्रियापद यांच्या मध्ये जातात: ‘इट वुड नॉट बी सेफ’, ‘ही वुड प्रॉबब्ली बी अँग्री’. प्रश्न करताना ‘वुड’ एकटंच उचलून पुढे आणायचं, ‘बी’ जागेवर राहू द्यायचं: ‘वुड यू बी फ्री ऑन मंडे?’ ‘वुड बी यू फ्री’ असं दोन्ही उचललं की वाक्य मोडलं.

चौथ्या घरात खरंच विशेषण आहे ना, हेही बघायला हवं. ‘इट वुड बी डेंजर’ आणि ‘द प्रोग्राम वुड बी सक्सेस’ यांत ‘बी’ आहे, पण शेवटी विशेषणाऐवजी नाम बसलंय. ‘डेंजरस’ आणि ‘सक्सेसफुल’ हवं. नामच ठेवायचं असेल तर त्याला ‘अ’ द्या: ‘द प्रोग्राम वुड बी अ सक्सेस’. विशेषणाला मात्र एकटं असताना ‘अ’ लागत नाही. ‘ही वुड बी अ रिच’ म्हणू नका. ‘ही वुड बी रिच’ किंवा ‘ही वुड बी अ रिच मॅन’.

आणखी एक जागा जिथे हमखास पाय घसरतो ती म्हणजे दुकानाची पाटी. ‘ऑन मंडे द शॉप वुड बी क्लोज’ हे चूक, ‘क्लोज्ड’ हवं. पण त्याचा विरुद्ध शब्द ‘ओपन’ हा तसाच राहतो: ‘द शॉप वुड बी ओपन’. ‘ओपन्ड’ म्हटलं तर कुणीतरी दुकान उघडेल असा अर्थ होतो. या जोडीला नियम नाही, पाठ करण्याशिवाय उपाय नाही. ‘टायर्ड’, ‘वरीड’, ‘मॅरीड’, ‘क्राउडेड’, ‘डॅमेज्ड’ यांच्या शेवटचा ‘ड’ बोलताना अर्धवट ऐकू येतो आणि मग लिहिताना गळतो. ‘द बस वुड बी क्राउड’ असं लिहिणारा बहुतेक वेळा कानावर विसंबलेला असतो.

तिसऱ्या घरात ‘बी’च हवं असं नाही

‘बी’ने स्थिती सांगितली जाते, बदल सांगितला जात नाही. ‘द फूड वुड बी कोल्ड’ म्हणजे जेवण गार असेल, ‘द फूड वुड गेट कोल्ड’ म्हणजे गार होईल. मराठीत असेल आणि होईल हे आपण कधी चुकत नाही, इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘बी’ टाकून मोकळे होतो. ‘होईल’ आलं की थांबा आणि नेमकं क्रियापद निवडा.

‘गेट’ हे रोजच्या बोलण्यातलं: ‘गेट वेट’, ‘गेट लेट’, ‘गेट अँग्री’, ‘गेट बेटर’. ‘बिकम’ जरा कागदी, अहवालात आणि अर्जात शोभतं: ‘द प्रोसेस वुड बिकम ईझियर’. रंग बदलताना ‘टर्न’ लागतं. बेदाण्याच्या शेडवर वाळवणीत पाऊस आला तर काय होतं हे सांगायचं असेल तर ‘द रेझिन्स वुड टर्न डार्क’. दूध नासण्याला ‘टर्न सावर’ किंवा ‘गो सावर’.

‘गो’ बहुधा बिघाडासाठी: ‘गो बॅड’, ‘गो स्टेल’, ‘गो रॉटन’, ‘गो मोल्डी’. साताऱ्याहून कंदी पेढे पाठवताना ‘दे वुड गो बॅड इन द हीट’ हे नैसर्गिक वाटतं. ‘दे वुड बिकम बॅड’ व्याकरणात बसतं, पण तसं कुणी बोलत नाही. ‘गो गुड’ किंवा ‘गो फ्रेश’ असं मात्र होत नाही. सुधारणा ‘गेट’ किंवा ‘बिकम’ने सांगायची.

जे आहे ते तसंच राहील यासाठी ‘स्टे’ आणि ‘रिमेन’. ‘इन अ सील्ड बॅग, द टर्मरिक वुड स्टे ड्राय.’ बंद पिशवीत हळद कोरडी राहील.

आता इंद्रियांची क्रियापदं: ‘लुक’, ‘साउंड’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, आणि त्यांच्या सोबतीला ‘सीम’. इथे होणारी चूक हुशार मुलंच जास्त करतात. क्रियापदानंतर क्रियाविशेषण येतं हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ती ‘शी वुड लुक ब्युटिफुली’ किंवा ‘इट वुड टेस्ट स्वीटली’ लिहितात. इथे ब्युटिफुल आणि स्वीट हवं, कारण गुण कर्त्याचा सांगायचा आहे, क्रियेची रीत सांगायची नाही.

ओळखायची युक्ती अशी: ते क्रियापद काढून तिथे ‘बी’ घाला. वाक्य अर्थाने तगलं तर विशेषण घ्या, नाही तगलं तर क्रियाविशेषण. ‘द टीचर वुड लुक अँग्री’ मध्ये ‘वुड बी अँग्री’ चालतं, म्हणून ‘अँग्री’. ‘द टीचर वुड लुक अँग्रिली ॲट अस’ मध्ये गुरुजी आमच्याकडे रागाने बघतात. तिथे ‘बी’ घालून ‘वुड बी ॲट अस’ असं काहीतरी भलतंच उरतं, म्हणून ‘अँग्रिली’. ‘फील बॅड’ला वाईट वाटणं हा अर्थ आहे. ‘फील बॅडली’ चांगलं इंग्रजी समजून वापरलं जातं, पण रोजच्या अर्थाला ‘बॅड’च योग्य. ‘वेल’ हा एक अपवाद सांभाळा: क्रियाविशेषण असलं तरी तब्येतीबद्दल ते विशेषणही असतं, म्हणून ‘आय वुड फील वेल’ चालतं. पदार्थाला मात्र ‘टेस्ट गुड’.

‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

इथे जरा जास्त वेळ थांबायला हवं, कारण मराठी बोलणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे भूक लागते, राग येतो, थंडी वाजते, कंटाळा येतो, उशीर होतो. भावना आपल्याकडे येतात आणि आपण त्या ‘मला’ म्हणून स्वीकारतो. इंग्रजीत ‘मला’चा ‘आय’ होतो आणि भावना विशेषण होऊन शेवटी बसते. म्हणजे वाक्य शब्दागणिक उलथायचं नाही, मुळातून नव्याने मांडायचं.

मला भूक लागली असती: ‘आय वुड हॅव बीन हंग्री.’
त्याला राग येईल: ‘ही वुड बी अँग्री’ किंवा ‘ही वुड गेट अँग्री.’
तिला भीती वाटली असती: ‘शी वुड हॅव बीन स्केअर्ड.’
आम्हाला उशीर झाला असता: ‘वी वुड हॅव बीन लेट.’
तुम्हाला थंडी वाजेल: ‘यू वुड फील कोल्ड.’
त्यांना कंटाळा येईल: ‘दे वुड गेट बोअर्ड.’
मला वाईट वाटलं असतं: ‘आय वुड हॅव फेल्ट बॅड.’
तिला लाज वाटली असती: ‘शी वुड हॅव बीन एम्बॅरस्ड.’ चारचौघांत ओशाळं होण्याला हा शब्द. स्वतःच्या वागण्याची खंत असेल तर ‘अशेम्ड’.

या यादीत कुठेही ‘अँगर वुड कम टू मी’ नाही, ‘लेट वुड हॅपन’ नाही. कर्ता नेहमी माणूस.

कंटाळ्याच्या वाक्यात एक सापळा आहे. ‘आय वुड बी बोअरिंग’ म्हणजे मी इतरांना कंटाळवाणा वाटेन. बोलणाऱ्याला ‘आय वुड बी बोअर्ड’ म्हणायचं असतं. ज्याला वाटतं त्याला ‘एड’चं रूप, ज्याच्यामुळे वाटतं त्याला ‘इंग’चं: ‘द लेक्चर वुड बी बोअरिंग, द स्टुडंट्स वुड बी बोअर्ड.’ ‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’, ‘कन्फ्यूज्ड’ आणि ‘कन्फ्यूजिंग’, ‘टायर्ड’ आणि ‘टायरिंग’ यांनाही हाच हिशोब लागू. मुलाखतीत ‘आय वुड बी व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ म्हणणाऱ्याचा विनोद होतो. आणि आपल्याकडे मूळ क्रियापदच विशेषणासारखं वापरायची खोड आहे, ‘आय वुड बी बोअर’. ‘बोर झालो’ या मराठीतून आलेली ती चूक आहे.

सगळ्याच ‘मला’वाल्या वाक्यांना विशेषण मिळत नाही. ताप येईल म्हणजे ‘वुड हॅव अ फीवर’, डोकं दुखेल म्हणजे ‘वुड हॅव अ हेडेक’. दुखण्यांची नावं नाम म्हणूनच राहतात आणि त्यांना ‘हॅव’ लागतं. उलट वय सांगताना ‘हॅव’ येत नाही: आजोबा आज ऐंशी वर्षांचे असते, ‘ही वुड बी एटी टुडे.’

जर-तरचा काळ

विशेषणाआधी ‘वुड बी’ घ्यायचं की ‘वुड हॅव बीन’, हे ‘इफ’चा भाग बघून ठरतं. तीन जोड्या आहेत.

खरंच घडू शकेल असं वाटतं तेव्हा ‘इफ’मध्ये साधा वर्तमान आणि तर-भागात ‘विल बी’. नुसती कल्पना असेल तेव्हा ‘इफ’मध्ये साधा भूतकाळ आणि तर-भागात ‘वुड बी’. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल ‘इफ’मध्ये ‘हॅड’ आणि तर-भागात ‘वुड हॅव बीन’.

सांगलीकरांना पहिल्या दोन जोड्यांतला फरक आयर्विन पुलावरून लगेच समजेल. तिथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्टमध्ये पाणी चढत असताना म्हणायचं, ‘इफ द वॉटर रायझेस अबव्ह फॉर्टी-फाइव्ह फीट, द लोअर रोड्स विल बी अनसेफ.’ जानेवारीत, नदी पात्रात निवांत असताना, आराखड्यासाठी तीच गोष्ट लिहायची तर ‘इफ द वॉटर रोझ अबव्ह फॉर्टी-फाइव्ह फीट, द लोअर रोड्स वुड बी अनसेफ.’ पूर तोच, पातळी तीच. बोलणाऱ्याला ते आत्ता शक्य वाटतं का, यावर रूप बदललं.

तिसऱ्या जोडीचं उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठाराचं. फुलांचा मुख्य हंगाम सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. नोव्हेंबरअखेर येऊन हिरमुसलेल्या पाहुण्याला सांगायचं: ‘इफ यू हॅड कम इन सप्टेंबर, द प्लॅटो वुड हॅव बीन फुल ऑफ फ्लॉवर्स.’

आता हाडाची मराठी चूक. आपल्या संकेतार्थी वाक्यात दोन्ही भागांना ‘असता’ लागतो: पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं. त्यावरून ‘इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड’ तयार होतं. इंग्रजीत ‘वुड’ एकाच भागात बसतं, तर-भागात: ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड.’ वाक्य लिहून झालं की ‘इफ’वर बोट ठेवा आणि स्वल्पविरामापर्यंत ‘वुड’ शोधा. सापडलं तर काढा. विनंतीत मात्र ‘इफ यू वुड वेट अ मिनिट’ असं ऐकू येतं. तिथे ‘वुड’ म्हणजे ‘थांबायची तयारी असेल तर’. ती सूट सौजन्यापुरतीच.

याहून अवघड गोष्ट व्याकरणाची पुस्तकं फारशी सांगत नाहीत. मराठीचं ‘असतं’ काळाबद्दल मोघम असतं. ‘आज सुट्टी असती तर बरं झालं असतं’ हे वाक्य सकाळी शाळेला निघालेलं पोर म्हणतं, तेव्हा दिवस अजून संपलेला नसतो. इंग्रजीत ते होतं ‘इट वुड बी नाइस इफ टुडे वेअर अ हॉलिडे’. ‘काल सुट्टी असती तर बरं झालं असतं’ याचं मात्र ‘इट वुड हॅव बीन नाइस इफ यस्टरडे हॅड बीन अ हॉलिडे’. मराठी क्रियापदं दोन्हीकडे सारखीच. म्हणून ‘असतं’ दिसलं की डोळे मिटून ‘वुड हॅव बीन’ लिहू नका. आधी विचारा: गोष्ट होऊन गेली का? गेली असेल तर ‘हॅव बीन’, अजून हातात असेल तर ‘बी’.

हा प्रश्न दोन्ही भागांना वेगवेगळा विचारायचा, कारण कधी कारण जुनं असतं आणि परिणाम आजचा. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं नसतं तर आटपाडीतली कितीतरी शेतं आजही कोरडी असती. पाणी येणं होऊन गेलं, कोरडेपणा आजचा: ‘इफ द टेंभू वॉटर हॅड नॉट कम, मेनी फील्ड्स इन आटपाडी वुड बी ड्राय इव्हन टुडे.’ इथे ‘वुड हॅव बीन ड्राय’ लिहिलं तर ‘टुडे’शी त्याची फारकत होते.

कल्पनेच्या जोडीत ‘इफ’नंतर ‘आय वेअर’, ‘ही वेअर’, ‘इट वेअर’ असं ‘वेअर’ येतं. बोलण्यात ‘वॉज’ चालून जातं, ‘इफ आय वेअर यू’मध्ये आणि परीक्षेत ‘वेअर’च ठेवा.

भरभर बोलताना ‘वुड हॅव’चं ‘वुडव्ह’ होतं आणि ऐकणारा ते ‘वुड ऑफ’ असं लिहून ठेवतो. इंग्रजी मातृभाषा असलेलेही हे करतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. दुसरं टोक म्हणजे ‘वुड बीन’. ‘वुड’नंतर ‘बीन’ दिसलं की त्यांच्या मध्ये ‘हॅव’ असायलाच हवं.

विशेषणाच्या पुढे काय

व्यवहाराच्या पत्रात वाक्य विशेषणावर क्वचितच संपतं. पुढे ‘टू’, ‘इफ’, ‘फॉर’, ‘ॲट’ असं काही येतं आणि कशाला काय हे विशेषण ठरवतं. ‘हॅपी टू हेल्प’, ‘रेडी टू शिप’, ‘गुड ॲट मॅथ्स’, ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’, ‘सूटेबल फॉर एक्स्पोर्ट’, ‘रिस्पॉन्सिबल फॉर द डॅमेज’, ‘सिमिलर टू’, ‘डिफरंट फ्रॉम’. ‘इंटरेस्टेड’ला ‘इन’ आणि त्यापुढे ‘इंग’: ‘वी वुड बी इंटरेस्टेड इन बाइंग टू टन्स.’ असे शब्द सुटे पाठ करू नका, शेपटीसकट पाठ करा.

मराठीत ‘बरं होईल’, ‘अवघड जाईल’ ही वाक्यं कर्त्याशिवाय चालतात. इंग्रजीत रिकामी खुर्ची चालत नाही, तिथे ‘इट’ बसवावं लागतं: ‘इट वुड बी बेटर टू लीव्ह अर्ली.’ ‘वुड बी बेटर टू लीव्ह’ हे अर्धंच वाक्य.

आणि त्या खुर्चीवर माणूस बसवला की आणखी बिघडतं. ‘आय वुड बी डिफिकल्ट टू कम’ म्हणजे मीच अवघड आहे. बरोबर वाक्य: ‘इट वुड बी डिफिकल्ट फॉर मी टू कम.’ ‘वुड यू बी पॉसिबल टू कॉल?’ ऐवजी ‘वुड इट बी पॉसिबल फॉर यू टू कॉल?’ ‘वुड यू बी कन्व्हिनियंट ऑन मंडे?’ ऐवजी ‘वुड मंडे बी कन्व्हिनियंट फॉर यू?’ कारण सोयीचा असतो तो वार, माणूस नव्हे. ‘डिफिकल्ट’, ‘ईझी’, ‘पॉसिबल’, ‘कन्व्हिनियंट’, ‘नेसेसरी’ ही पाच विशेषणं व्यापारी मेलमध्ये सर्वांत जास्त घोळ घालतात. माणूसच पुढे हवा असेल तर ‘एबल’ आणि ‘फ्री’ आहेत: ‘वुड यू बी एबल टू कॉल?’, ‘वुड यू बी फ्री ऑन मंडे?’

थकलेले पैसे मागायचे आहेत, पण गिऱ्हाईक तोडायचं नाही, अशा वेळचं वाक्य:

‘वी वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द बॅलन्स बाय फ्रायडे.’

‘ग्रेटफुल’नंतर ‘इफ’, मग ‘कुड’. इथे ‘कॅन’ घातलं तर अर्थ कळतो, पण आधीच्या ‘वुड’शी सूर जुळत नाही. ‘आय वुड बी हायली ऑब्लाइज्ड’ हे आपल्या सरकारी अर्जांतलं जुनं वळण. चूक नाही, पण परदेशी व्यापाऱ्याला ते फार दरबारी वाटेल.

मध्ये कर्म आलं तर

‘मेक’, ‘कीप’, ‘लीव्ह’ आणि ‘फाइंड’ या क्रियापदांनंतर आधी कर्म, मग विशेषण.

‘टू मच मॉइश्चर वुड मेक द रेझिन्स स्टिकी.’
‘अ टार्पॉलिन वुड कीप द टर्मरिक ड्राय.’
‘ही वुड लीव्ह द गेट ओपन.’
‘यू वुड फाइंड द पेपर ईझी.’

इथे ‘बी’ घुसवायचा मोह होतो: ‘वुड मेक द रेझिन्स टू बी स्टिकी’. काढून टाका. क्रियाविशेषणही नको. ‘दॅट वुड मेक मी हॅपिली’ हे चूक, कारण आनंदी मी आहे. शेवटचं वाक्य विशेष उपयोगी, कारण ‘सोपं गेलं’, ‘अवघड गेलं’ यांतल्या ‘जाणं’ला इंग्रजीत ‘गो’ चालत नाही. ‘फाइंड’ हे त्याचं काम करतं.

कमी-जास्त

‘बेटर’च्या आधी ‘मोअर’ नको, ‘मच’ हवं: ‘इट वुड बी मच बेटर.’ साध्या विशेषणाला ‘व्हेरी’, तुलनेच्या रूपाला ‘मच’. ‘इनफ’ विशेषणानंतर येतं: ‘द रूम वुड बी बिग इनफ.’

‘टू’ म्हणजे ‘खूप’ नव्हे, ‘नको इतकं’. ‘महाबळेश्वर वुड बी टू गुड इन डिसेंबर’ असं आपण कौतुकाने म्हणतो आणि आपापसांत ते समजतंही. परक्या कानाला मात्र पुढे काहीतरी तक्रार येणार असं वाटतं, जशी ‘द वॉटर वुड बी टू कोल्ड टू स्विम इन’मध्ये येते.

काही विशेषणं क्रियापदानंतरच शोभतात: ‘अस्लीप’, ‘अवेक’, ‘अलाइव्ह’, ‘अफ्रेड’, ‘अलोन’. ‘द चाइल्ड वुड बी अस्लीप’ चालतं, ‘ॲन अस्लीप चाइल्ड’ नाही. उलट ‘मेन’ आणि ‘फॉर्मर’ नामाआधीच येतात, म्हणून ‘धिस रीझन वुड बी मेन’ होत नाही, ‘धिस वुड बी द मेन रीझन’ होतं. चांगला, चांगली, चांगले असं लिंगवचनाने बदलायची सवय मात्र सोडायची. इंग्रजी विशेषण कुणासाठीच वाकत नाही.

हात चालवून बघा

उत्तर झाकून आधी स्वतः लिहा. प्रत्येक वाक्याला तीनच प्रश्न: कर्ता कोण? गोष्ट होऊन गेली का? असणं, होणं की वाटणं?

रस्ता मोकळा असता तर आम्हाला उशीर झाला नसता. ‘इफ द रोड हॅड बीन क्लिअर, वी वुड नॉट हॅव बीन लेट.’ ‘आम्हाला’चा ‘वी’ झाला. विशेषणं दोन आणि ‘बीन’ही दोनदा, पण ‘वुड’ एकदाच.

मला हे काम सोपं गेलं असतं. ‘आय वुड हॅव फाउंड धिस वर्क ईझी.’ ‘धिस वर्क वुड हॅव बीन ईझी फॉर मी’ हेही ठीक. ‘आय वुड हॅव बीन ईझी’ लिहिलं असेल तर खुर्चीवर चुकीचा माणूस बसलाय.

उघड्यावर ठेवला तर बेदाणा काळा पडेल. ढग समोर दिसत असतील तर ‘इफ वी लीव्ह द रेझिन्स इन द ओपन, दे विल टर्न डार्क.’ नवख्याला नुसतं समजावत असाल तर ‘इफ वी लेफ्ट’ आणि ‘दे वुड टर्न डार्क’. ‘बी डार्क’ नको, कारण ‘पडेल’मध्ये बदल आहे.

चहा इतका गोड असता तर पाहुण्यांनी तोंड वाकडं केलं असतं. तोंड वाकडं करण्याचं विशेषण शोधत बसू नका. अर्थ धरा: ‘द टी वुड हॅव बीन टू स्वीट फॉर द गेस्ट्स.’

तुझ्या जागी मी असते तर मला भीती वाटली असती. प्रसंग अजून चालू असेल तर ‘इफ आय वेअर यू, आय वुड बी स्केअर्ड.’ गेल्या आठवड्यात होऊन गेला असेल तर ‘इफ आय हॅड बीन इन युवर प्लेस, आय वुड हॅव बीन स्केअर्ड.’ मराठी वाक्यावरून बोलणारी बाई आहे हे कळतं, प्रसंग कधीचा ते कळत नाही. इंग्रजीत नेमकं उलट, म्हणून इथे उत्तर लिहिण्याआधी मागचापुढचा मजकूर वाचावाच लागतो.